गाडीपुढे कुणाचा तरी प्राणी आला, त्यानंतर : अनुभव धागा

रस्त्यावर गाडीची धडक बसून कुणाचा कुत्रा, मांजर, शेळी किंवा वासरू जखमी झाले, तर चालकाचे कर्तव्य कुठून सुरू होते आणि कुठे संपते, याविषयी आपली सगळ्यांची मते ठाम असतात. अनुभव मात्र फार थोडे जण मोकळेपणाने सांगतात. म्हणून इथे मतांपेक्षा अनुभव लिहावेत. चूक कुणाची होती हा वाद शक्यतो बाजूला ठेवावा आणि धडकेनंतर काय केले, काय करता आले नाही, समोरचा माणूस कसा वागला, ते सांगावे, अशी विनंती.

चर्चा कायद्यात अडकू नये म्हणून ती बाजू आधीच मांडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ नुसार अपघातात माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर चालकावर काही कर्तव्ये येतात. दवाखान्यात नेण्याची सक्ती माणसापुरतीच आहे. पाळीव जनावर आलेच तर मालकाची मालमत्ता म्हणून त्यात येते आणि बेवारस कुत्रे तसेही येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला ठार मारण्यासाठी किंवा जायबंदी करण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असली, तरी तिथे हेतू किंवा जाणीव सिद्ध व्हावी लागते. मरीन ड्राइव्हवर एप्रिल २०२० मध्ये खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीची धडक बसून रस्त्यावरचा कुत्रा मेला, तेव्हा पोलिसांनी माणसांच्या जिवाशी संबंधित कलमे लावून गुन्हा नोंदवला होता. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तो रद्द केला. मालक आपल्या कुत्र्या-मांजरांना पोटच्या मुलांसारखे वागवत असले तरी ती माणसे नव्हेत, असे सांगून न्यायालयाने त्या विद्यार्थ्याला २०,००० रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. निकाल मला योग्य वाटतो. पण त्याचा अर्थ असाही होतो की निव्वळ अपघात घडवून आपण निघून गेलो, तर बहुतेक वेळा आपल्याला कुणी जाब विचारणार नाही. विषय खरा तिथूनच सुरू होतो.

पुणे जिल्ह्यातून, एक नोकरदार

संध्याकाळी कामावरून परतताना, उभ्या असलेल्या दोन टेम्पोंच्या मधून एक तपकिरी कुत्रा धावत आला आणि गाडीच्या डाव्या बाजूवर आदळला. वेग कमी होता, तरीही त्याचा मागचा पाय वेडावाकडा झालेला दिसत होता. गळ्यात पट्टा होता. त्यावर ना नाव, ना फोन नंबर. जमलेल्या लोकांचे पहिले म्हणणे असे होते की, "जाऊ द्या साहेब, कुत्रंच आहे." मी गाडी बाजूला लावून खाली उतरलो आणि मालक कोण असे विचारू लागलो, तेव्हा त्याच लोकांपैकी काहींना एकदम भरपाईची आठवण झाली. थांबणारा माणूस हाती लागतो, निघून जाणारा लागत नाही, हे गणित गर्दीला बरोबर कळते. पुढच्या वेळी त्या चालकाने थांबावे की नाही, याचा विचार गर्दीने करण्याचे काही कारण नसते.

शेवटी भाजी विकणाऱ्या एका बाईंनी ओळख पटवली, की हा पिठाच्या गिरणीमागच्या घरातला. पत्नीला कुत्र्यापाशी थांबवून मी तिथे गेलो. दार एका आजींनी उघडले. "तुमच्या कुत्र्याला माझ्या गाडीची धडक बसली आहे, तो जिवंत आहे, दवाखान्यात न्यायला गाडी तयार आहे," हे मी वाटेत मनात जुळवलेले वाक्य एका दमात सांगून टाकले. माझा अनुभव असा की या तीन गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात. "एक वाईट बातमी आहे" अशी सुरुवात केली, तर ऐकणाऱ्याच्या मनात आधी घरातली माणसे येतात. त्यांचा मुलगा दवाखान्यात पोहोचला तेव्हा माझ्यावर बराच ओरडला. मी उलट उत्तर दिले नाही. पायात रॉड घालावा लागला आणि खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. मित्रांनी मला वेड्यात काढले, कारण त्यांच्या मते कुत्रा मोकळा सोडणाऱ्याने सगळा खर्च करायला हवा होता. असेलही. पण धडक माझ्या गाडीची होती, एवढे मला पुरेसे वाटले.

सातारा जिल्ह्यातून, एक पशुवैद्य

वरचा अनुभव वाचून थोडे सविस्तर लिहावेसे वाटले, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या अपघाती जनावरांपैकी धडक देणाऱ्या चालकाने स्वतः आणलेली फारच थोडी असतात. बहुतेकांना मागून येणारा कुणी तरी तिऱ्हाईत घेऊन येतो, आणि त्याला अपघात कधी झाला, धडक कोणत्या बाजूने बसली, चाक अंगावरून गेले की नुसता धक्का लागला, यातले काहीच सांगता येत नाही. ही माहिती एकट्या चालकाजवळ असते. उपचारासाठी तिचे मोल फार असते. पैसे द्यायची तयारी नसली तरी निदान एवढे सांगण्यापुरते तरी थांबा, असे मी म्हणेन.

"कुत्रा उठून पळाला, म्हणजे त्याला काही झाले नाही," हा समज सर्वांत घातक आहे. घाबरलेले जनावर मोडलेल्या हाडानिशी धावते. पोटात रक्तस्राव होत असेल, मूत्राशय फाटले असेल किंवा छाती आणि पोट यांमधला पडदा फाटून आतडी छातीत शिरली असतील, तरी पहिले काही तास ते वरवर ठीक वाटू शकते. हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, श्वास उथळ आणि भरभर चालत असेल, तर वेळ दवडू नये. उचलताना पाय धरून ओढू नये. फळी, दाराचे पायपुसणे किंवा ताणून धरलेली चादर यांवर सरकवून घ्यावे. तोंडात पाणी ओतू नये. आपले लोक हे हटकून करतात. आणि कितीही गरीब कुत्रा असला तरी वेदनेने तो चावतो. श्वास नीट चालू असेल आणि उलटी होत नसेल, तरच ओढणीने किंवा रुमालाने तोंड सैलसर बांधावे. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. जनावर पाळलेले आहे म्हणून लस टाळणारे मी पाहिले आहेत. कृपया टाळू नका.

गाय, म्हैस, शेळी असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय आहे. मुंबईकरांसाठी परळचे बैलघोड्यांचे हॉस्पिटल जुने आणि परिचित आहे.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. मालक सापडत नाही, कणा मोडला आहे आणि सुधारण्याची आशा नाही, अशा वेळी वेदनामुक्त मरण द्यायचे, तर संमतीच्या कागदावर सही कोणाची घ्यायची? एका ट्रकचालकाने असा कुत्रा आणला होता. सहीला तो कचरला नाही. मात्र मालक शोधायला संध्याकाळपर्यंतचा वेळ द्या, तोवर वेदनाशामक द्या, पैसे मी देतो, असे तो म्हणाला. मी तसे केले. मालक आला नाही. सही करताना कागदावर 'प्राण्याशी नाते' असा रकाना होता. त्यात काय लिहायचे असे त्याने विचारले, आणि मी 'वाहनचालक' असे लिहायला सांगितले.

सोलापूरहून, निवृत्त बसचालक

मी आयुष्यभर प्रवासी बस चालवली. आम्हाला पहिल्यापासून शिकवलेले असे, की जनावर आडवे आले तर ब्रेक लावा, भोंगा वाजवा, पण स्टिअरिंग ओढू नका. भरल्या बसमध्ये कुत्र्याला वाचवायला जाऊन माणसे दगावल्याची उदाहरणे आम्हा चालकांच्या बोलण्यात नेहमी असत. तेव्हा धडक टाळली नाही म्हणून मी कुणाला दोष देणार नाही.

पुढचा भाग वेगळा. एकदा मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत असताना शेवटची मेंढी बुजून मागे फिरली आणि पुढच्या चाकाखाली आली. बस थांबवली, आगारात कळवले आणि वाहकासह खाली उतरलो. प्रवाशांची कुरकुर सुरू झाली होती. एकाने तर "मेंढीसाठी एवढी माणसं खोळंबली" असे मोठ्याने सुनावले. तो धनगर म्हातारा होता, भांडला नाही. त्याने इतकेच सांगितले, की ती गाभण होती. शहरात कुत्र्याच्या अपघातात भावनेचा प्रश्न येतो, गावाकडे बहुतेक वेळा पोटाचा येतो, आणि भरपाई ठरवताना मेलेल्या जनावराची बाजारातली किंमत धरली, तरी पोटातली कोकरे आणि पुढच्या वर्षांची लोकर हिशोबात येतच नाही. पंचनामा झाला. त्याशिवाय आम्ही दोघांनी आणि काही प्रवाशांनी मिळून त्याच्या हातात रक्कम दिली. कुरकुर करणाऱ्या गृहस्थांनीही त्यात भर घातली, हे मुद्दाम नोंदवतो.

ठाण्याहून

मी वेगळे लिहिणार आहे. रात्री एकटी गाडी चालवत होते, महामार्ग होता, कुत्रा मधल्या दुभाजकातून आला आणि टाळणे शक्य झाले नाही. मी तिथे थांबले नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. मागून ट्रक येत होते, रस्त्यावर दिवे नव्हते आणि खाली उतरणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे होते. नैतिक जबाबदारीची चर्चा करताना अंधाऱ्या रस्त्यावर एकट्या बाईने नेमके काय करावे, हेही सांगावे.

धागाकर्ता

रास्त प्रश्न आहे, आणि तिथे उतरायला हवे होते असे मी मुळीच म्हणणार नाही. पुढच्या टोलनाक्यावर किंवा पेट्रोल पंपावर थांबून राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ क्रमांकावर किंवा पोलिसांच्या ११२ वर ठिकाण कळवता येते. जखमी किंवा मेलेले जनावर मार्गिकेत पडून राहिले, तर मागच्या दुचाकीस्वाराचा जीव जाऊ शकतो. म्हणजे हा फोन केवळ त्या कुत्र्यासाठी नसतो.

ठाण्याहून, पुन्हा

हे मान्य. फोनचे तेव्हा सुचले नव्हते, आणि सुचले असते तरी क्रमांक माहीत नव्हता.

इंग्लंडमधून

इथल्या १९८८ च्या रोड ट्रॅफिक अॅक्टमध्ये कलम १७० आहे. कुत्रा, घोडा, गाढव, खेचर, गाय-बैल, मेंढी, डुक्कर किंवा बकरी यांना धडक बसली, तर चालकाने थांबलेच पाहिजे, नाव-पत्ता दिला पाहिजे, आणि तो देता आला नाही तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवले पाहिजे. या यादीत मांजर नाही. कायद्याने प्राण्याकडे मालमत्ता आणि उपयुक्त पशुधन म्हणून पाहिले की काय होते, याचा हा नमुना आहे.

आमच्या शेजाऱ्यांचे मांजर गाडीखाली गेले. धडक देणाऱ्याने ते टॉवेलमध्ये गुंडाळून जवळच्या पशुवैद्याकडे नेले. तिथे मानेजवळ कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपवरून मालकांचा फोन मिळाला आणि शेजाऱ्यांना तासाभरात कळले. मांजर वाचले नाही. इंग्लंडमध्ये मांजरांना चिप बसवणे जून २०२४ पासून सक्तीचे झाले. कुत्र्यांना ते २०१६ पासूनच आहे. धडक कळवण्याची सक्ती मात्र मांजरांसाठी अजून नाही, म्हणजे मालकाला शोधण्याची सोय झाली, शोधायचे की नाही हे चालकाच्या मनावर राहिले.

नाशिकहून, कुत्रीची मालकीण

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. फाटक आमच्याच घरच्या माणसाकडून उघडे राहिले होते, त्यामुळे चालकाला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही, हे आधीच सांगते. कुत्री दुपारी बाहेर गेली आणि रात्री उशिरा कोपऱ्यावरच्या नाल्याच्या कडेला सापडली. मधल्या वेळात आम्ही हाका मारत फिरलो, कुणी पळवली असेल असे समजून दोन शेजाऱ्यांवर संशयही घेतला, आणि तो त्यांना कळलाही. सोसायटीच्या कॅमेऱ्यात सगळे दिसले. एक गाडी थांबते, माणूस उतरतो, कुत्रीला उचलून रस्त्याच्या कडेला ठेवतो, आजूबाजूला पाहतो आणि निघून जातो. त्याने आमच्या फाटकाकडेही पाहिले होते. ते उघडे होते.

गाडीचा क्रमांक स्पष्ट होता. पती तक्रार करायला निघाले होते, मी अडवले, कारण मला शिक्षा नको होती. मला विचारायचे होते की ती तेव्हा जिवंत होती का. हे आजही फक्त त्या माणसाला माहीत आहे.

कोल्हापूरहून, दुचाकीस्वार

मालकांच्या जबाबदारीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याला चुकवताना मी पडलो. कुत्र्याला खरचटले, माझा गुडघा फुटला. मालक धावत आले ते थेट कुत्र्याकडे. त्याला तपासून झाल्यावर त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले. प्राणी सांभाळताना निष्काळजीपणा करून दुसऱ्याला इजा होऊ देणे हा न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, हे मला नंतर एका वकील मित्राने सांगितले. तक्रार करण्याची वेळ आली नाही, कारण संध्याकाळी ते गृहस्थ पत्नीसह घरी आले, क्ष-किरण तपासणीचा आणि औषधांचा खर्च त्यांनी दिला आणि आपले चुकल्याचे कबूल केले. मीही कुत्र्याची चौकशी केली. आता तो पट्ट्याला बांधूनच फिरायला निघतो. रात्री चमकणारी पट्टी आणि फोन नंबर दोन्ही त्या पट्ट्यावर असतात. समोरून येताना दिसले की मी दुचाकीचा वेग कमी करतो, आणि ते कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतात.