यानाचे भाग साठवणे आणि बदलणे एवढे किचकट का असावे?

मूळ धागा

अख्खे यान बदलायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ त्यातला एक भाग बदलायला लागावा, ही अंतराळावर बेतलेल्या संगणक खेळांमधली मला सर्वांत जाचक वाटणारी गोष्ट आहे. ‘एलिट डेंजरस’चे उदाहरण घेतो. डिसेंबर २०१४ मध्ये हा खेळ आला तेव्हा काढलेला भाग ठेवून देण्याची सोयच नव्हती. तो विकून टाकणे एवढाच मार्ग होता. साठवण मिळाली ती ऑक्टोबर २०१६ मध्ये, २.२ या आवृत्तीत. मात्र त्याच वर्षीच्या मे महिन्यात आलेल्या २.१ मुळे खेळातल्या ‘इंजिनिअर’ नावाच्या पात्रांकडून भाग सुधारून घेण्याची पद्धत सुरू झालेली होती. म्हणजे मधले पाच महिने खेळाडूंकडे असे भाग होते, जे एकदा विकले की कोणत्याही दुकानात तसेच परत मिळणार नव्हते आणि न विकता ठेवायचे म्हटले तर जागा नव्हती.

आता जागा आहे, पण एकच सुधारलेला फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारणारे इंजिन) दोन यानांत आळीपाळीने वापरून पाहावा. दोन्ही याने एकाच स्टेशनवर उभी आहेत असे धरू. ड्राइव्ह हा मुख्य भाग असल्यामुळे त्याचा स्लॉट, म्हणजे यानातली जागा, रिकामा ठेवता येत नाही. म्हणून आधी पहिल्या यानासाठी ई या सर्वांत खालच्या दर्जाचा स्वस्त ड्राइव्ह विकत घ्यायचा, चांगला साठवणीत टाकायचा, शिपयार्डात जाऊन यान बदलायचे, पुन्हा आउटफिटिंगमध्ये (भाग बसवण्याच्या विभागात) येऊन तो बसवायचा आणि दुसऱ्या यानातून निघालेल्या ड्राइव्हची सोय लावायची. परतताना हेच सगळे उलट क्रमाने.

माझ्या मते दोन गोष्टी व्हायला हव्यात. एकाच स्टेशनवरील यानांमध्ये भाग थेट हलवता यावेत. आणि साठवलेला भाग आपण जिथे असू तिथे लगेच मिळावा, कारण तो मिळवण्याचे कष्ट आपण आधीच घेतलेले असतात.

प्रतिसाद १

तुमच्या दुसऱ्या मागणीला माझा ठाम विरोध आहे. २०१६ मध्ये यान दुसऱ्या स्टेशनवरून मागवण्याची सोय येणार होती, तेव्हा ते तत्काळ मिळेल असेच आधी जाहीर झाले होते. त्यावर बरीच खडाजंगी झाली, निर्मात्यांनी खेळाडूंचे मत घेतले आणि कौल विलंबाच्या बाजूने पडला. तेव्हाचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे. लढाऊ यान जड चिलखतामुळे एका उडीत थोडीच प्रकाशवर्षे कापते आणि शोधमोहिमेचे हलके यान खूप लांब जाते; या देवाणघेवाणीवरच यान बांधण्याची सगळी मजा उभी आहे. हलक्या यानाने कुठेही पोहोचून तिथे लढाऊ यान किंवा त्याची शस्त्रे क्षणात हजर करता आली, तर जड यानाच्या तोकड्या उडीला काही अर्थच उरत नाही. सुमारे ४०० अब्ज तारकाप्रणाली असलेली आकाशगंगा मांडायची आणि मग तिच्यातले अंतर पुसून टाकायचे, हे मला पटत नाही.

प्रतिसाद २

धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत. अंतराला किंमत असावी हे मान्य, पण ती पैशांत घ्यावी, वेळेत नव्हे. भाग मागवताना अंतर आणि भागाची किंमत पाहून शुल्क आकारलेच जाते, मग वर प्रतीक्षा कशासाठी? मला रात्री जेमतेम तासभर मिळतो. एका खेळात (नाव मुद्दाम टाळतो) मी खाणकामाचे लेझर मागवले, ते येईपर्यंत झोपायची वेळ झाली आणि दुसऱ्या दिवशी मित्रांचा बेत बदलून लढाईचा ठरला. लेझर स्टेशनवर येऊन तसेच पडून राहिले. शिवाय जून २०२० पासून ‘एलिट’मध्ये फ्लीट कॅरिअर, म्हणजे खेळाडूच्या मालकीचे प्रचंड वाहक यान, आहे. ५ अब्ज क्रेडिट मोजणारा आपली सगळी याने आणि सुटे भाग घेऊन एका उडीत ५०० प्रकाशवर्षे जातो. अंतराचे पावित्र्य मग फक्त नवख्यांनीच जपायचे का?

प्रतिसाद ३

कॅरिअरलाही इंधन लागते, उडीआधी थांबावे लागते आणि त्याचा साप्ताहिक खर्च चालूच राहतो. तेव्हा तो फुकटचा दरवाजा नव्हे. मी ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळतो. हा खेळ २००३ पासून सुरू आहे आणि त्यात वस्तू जिथे ठेवली तिथेच राहते. ती हवी असेल तर स्वतः जाऊन आणावी लागते किंवा दुसऱ्या खेळाडूला वाहतुकीचे कंत्राट द्यावे लागते, ज्यात तो मालाच्या सुरक्षेपोटी तारण ठेवतो. कित्येक जण केवळ या वाहतुकीवर कमावतात. तिथे ‘रिग’ नावाचे भाग तर काढले की नष्टच होतात, त्यामुळे ते बसवताना माणूस दहादा विचार करतो आणि त्या यानाला स्वतःची ओळख मिळते. सगळे भाग सगळीकडे मिळू लागले, तर एकच यान पुरेल.

धागाकर्ता

अंतराचा मुद्दा मी मान्य करतो; वाहतुकीवर पोट भरणाऱ्या खेळाडूंचा विचार मी केला नव्हता. दुसरी मागणी मागे घेतो. पहिली मात्र सोडत नाही, कारण एकाच स्टेशनवर अंतर शून्य असते आणि तिथला त्रास निव्वळ पडद्याच्या मांडणीचा आहे. ‘स्टारफिल्ड’ या खेळामध्येही यान हवे तसे बांधता येते, पण काढलेला भाग पुढच्या यानासाठी बाजूला ठेवायला कोठार नाही. त्याला अंतराचे कारण कसे देणार?

प्रतिसाद १

पहिल्या मागणीवर आपले फारसे दुमत नाही. एवढेच सांगतो की ‘एलिट’मध्ये भाग विकताना घेतलेली किंमत पूर्ण परत मिळते, त्यामुळे मधल्या स्वस्त ड्राइव्हचा भुर्दंड पडत नाही. खरा घोळ तो विकायचा राहून गेला की होतो: साठवणीच्या यादीत असे ड्राइव्ह साचत जातात, आणि साठवणीला मर्यादा असल्याने एक दिवस हवा तो भाग ठेवायला जागा नसते. थेट अदलाबदलीचे एक बटण दिले, ज्यात दोन्ही यानांचे ड्राइव्ह एकमेकांच्या जागी जातील आणि आकार जुळत नसेल तर तसे आधीच सांगितले जाईल, तर मधला ड्राइव्ह घ्यावाच लागणार नाही. मोठा भाग लहान स्लॉटमध्ये बसत नाही, हा नियम मात्र तसाच राहू द्यावा.