जनरल अरुणकुमार वैद्य: पंधरा मिनिटांत काय सांगावं?

पाचपाखाडीकर
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की कुणीतरी पंधरा मिनिटं बोलायचं अशी पद्धत आहे. या वेळी माझी पाळी. दुसऱ्याच दिवशी, २७ जानेवारी २०२६ ला, जनरल वैद्यांच्या जन्माला शंभर वर्षं होतात, म्हणून तोच विषय घेतला. अलिबागला जन्मलेला माणूस भारताचा लष्करप्रमुख झाला, हे इथल्या मुलांना माहीत असावं एवढाच हेतू.

पण मी शाळेत भूगोल शिकवते, लष्करातलं मला ओ की ठो कळत नाही. जिकडे बघावं तिकडे चारच गोष्टी: दोन महावीर चक्रं (परमवीर चक्राखालोखालचं युद्धातलं शौर्यपदक), लष्करप्रमुखपद, ऑपरेशन ब्लू स्टार (१९८४ ची सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई), पुण्यात हत्या. मला विचारायचंय ते असं की ही दोन महावीर चक्रं नेमकी कशासाठी? 'अतुलनीय शौर्य' वगैरे नको, सकाळी उठून त्या माणसाने काय केलं ते हवंय. श्रोते म्हणजे आठ ते चौदा वर्षांची मुलं आणि पुढच्या खुर्च्यांवर आजोबा मंडळी.

घोडबंदर_ते_दिंडोशी
मुलांना आधी विचारा, फिल्मसिटीला जाताना गोरेगाव पूर्वेला जो जनरल ए. के. वैद्य मार्ग लागतो तो कुणाच्या नावाचा. माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांना ते कुणी नामांकित आयुर्वेदाचार्य वाटतात.

रिसालदार_नि_कोपरखैरणे
ताई, प्रश्न बरोबर विचारलात. मी रणगाड्यांवर नोकरी केली, गनर म्हणजे तोफ डागणारा म्हणून सुरुवात, रिसालदार म्हणून निवृत्त. आमचे वडील वाशी मार्केटात माथाडी, गाव सातारा जिल्ह्यात. वैद्यसाहेबांना मी कधी पाहिलं नाही, पण नगरला ट्रेनिंगमध्ये आसल उत्तर आमच्याकडून घोटून घेतलं होतं, त्या भरवशावर लिहितो.

सुरुवात शर्मनपासून करा. शर्मन हा अमेरिकन रणगाडा, दुसऱ्या महायुद्धातला. रॉयल डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट १९४५ साली ब्रह्मदेशात शर्मन घेऊन लढत होती आणि त्याच वर्षी वैद्य तिच्यात अधिकारी म्हणून दाखल झाले. (नावात हॉर्स आहे कारण मुळात हे घोडदळ. घोडे गेले, नाव राहिलं. आमच्याकडे शिपायाला अजून सवार म्हणतात आणि हवालदाराला दफेदार.) आता २० वर्षं पुढे या. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरण. तीच रेजिमेंट, वैद्य तिचे कमांडिंग ऑफिसर, लेफ्टनंट कर्नल. आणि हाताखाली रणगाडे कुठले? शर्मनच! समोर पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन, तिच्याकडे अमेरिकेचे पॅटन, ९० मिलिमीटरची तोफ. शर्मनची ७५ किंवा ७६ ची. पॅटनचं पुढचं चिलखत तिला सहजी भेदत नाही. त्यांचा डाव होता ब्यास नदीवरचा पूल गाठायचा. तो गेला असता तर अमृतसर तुटलं होतं.

मग जिंकले कसे? इथे तुमचा भूगोल कामाला येईल. चौथ्या माउंटन डिव्हिजनचे मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी आसल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबंदी केली आणि कालव्याचं पाणी शेतांत सोडलं. ऊस उभा होता, जमीन मऊ. पॅटन नालेच्या तोंडातून आत शिरले आणि चिखलात मंदावले. तीन बाजूंना आपले रणगाडे लपलेले: थर्ड कॅव्हलरीचे सेंचुरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन, एट्थ लाइट कॅव्हलरीचे एएमएक्स. सोबत पायदळाच्या रिकॉइललेस तोफा, म्हणजे जीपवरूनही डागता येतात अशा हलक्या रणगाडाविरोधी तोफा. परमवीर चक्र मिळालेले अब्दुल हमीद याच लढाईतले, जीपवरची तोफ घेऊन.

गनर म्हणून सांगतो, समोरून येणाऱ्या जाड चिलखताच्या रणगाड्यावर लांबून गोळा टाकणं म्हणजे आपली जागा दाखवून देणं. त्याची कूस दिसेपर्यंत थांबायचं. आत उकाडा, पेरिस्कोपमधून दिसतो उसाचा शेंडा, इंजिनाचा आवाज जवळ येतोय आणि बोट ट्रिगरवर, तरी थांबायचं. सगळी रेजिमेंट असं थांबवून ठेवणं हे सीओचं, म्हणजे कमांडिंग ऑफिसरचं काम. ते बंकरमध्ये बसून होत नाही. आसल उत्तर आणि चीमा या ठिकाणी वैद्य गोळीबारात एका तुकडीकडून दुसरीकडे स्वतः फिरत राहिले, त्याचं हे पहिलं महावीर चक्र. दहा तारखेपर्यंत पाकिस्तानचे ९० हून जास्त रणगाडे निकामी झाले किंवा तसेच सोडून दिलेले सापडले. ते भिखीविंडला ओळीने उभे केले, त्या जागेला नावच पडलं पॅटन नगर.

एक मात्र सांगा. खेमकरण गाव त्या लढाईनंतरही पाकिस्तानच्याच ताब्यात राहिलं, ताश्कंद करारानंतर परत आलं. पुढच्या खुर्चीतले एखादे आजोबा हे विचारणार, लिहून ठेवा.

दुसरं महावीर चक्र डिसेंबर १९७१ चं. वैद्य आता ब्रिगेडियर, १६ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेडचे कमांडर. जागा पाकिस्तानातला शकरगढचा भाग, जम्मूच्या दक्षिणेला. इथे शत्रूपेक्षा मोठी अडचण जमीन. म्हणजे जमिनीतले सुरुंग. पट्ट्यामागून पट्टे, काही ठिकाणी हजार मीटरच्या आसपास रुंद. सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनिअर, रणगाड्यापुढे ट्रॉल हे सुरुंग निकामी करणारं अवजार लावून त्यातून एक गल्ली मोकळी करतात, रणगाड्याच्या रुंदीपेक्षा थोडीच जास्त. रात्री त्या गल्लीतून एकामागे एक जायचं. एक रणगाडा चाकोरी सोडून फुटला की मागचे सगळे अडकले, आणि उजाडलं की तोफखाना वरून झोडणार. चक्रा आणि देहलरा इथल्या लढायांत असंच रणगाड्यांना आत काढायचं होतं. ब्रिगेडियरने मागे राहून वायरलेसवर विचारलं असतं तरी कुणी बोललं नसतं. हे स्वतः पुढे गेले, रणगाडे गल्लीतून पार करवले आणि पलीकडे लगेच लढायला लावले. पुढे बसंतरला १६ डिसेंबरला पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, ती रेजिमेंट याच ब्रिगेडमधली. खेत्रपालचं वय २१. मुलांना हे सांगाच.

दोनदा महावीर चक्र मिळवणारे आजवर सहाच जण आहेत.

घणसोलीचा_कोल्हापुरी
रिसालदारसाहेब, लिहिलंय झकास. पण जनरल शंकरराव थोरातांवर कुणी का बोलत नाही? १९४५ ला ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक. कोरियात युद्धकैद्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय कस्टोडियन फोर्सचे प्रमुख, युद्धकैद्यांनी आपला मेजर पळवून नेला तेव्हा हे छावणीत शिरून त्याला सोडवून घेऊन आले. ईस्टर्न कमांडला असताना १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' सरावात चीन कुठून येईल ते मांडून दाखवलं, कुणी ऐकलं नाही. वैद्यांना निदान रस्ता तरी मिळाला.

रिसालदार_नि_कोपरखैरणे
थोरातसाहेब पायदळाचे, मोठा माणूस, कबूल. तुमच्या सोसायटीत तुम्ही बोला. पंधरा मिनिटांत दोन जनरल बसवले तर मुलं समोशाकडे बघायला लागतील.

पाचपाखाडीकर
रिसालदारसाहेब, तुम्ही तर माझं अर्धं भाषण लिहून दिलंत. शर्मन ते शर्मन हे वीस वर्षांचं अंतर मी तसंच उचलणार आहे.

आता अवघड भाग. आमच्याच विंगमध्ये दोन शीख कुटुंबं आहेत, पहिल्या रांगेत बसतात. कमिटीतले एक जण म्हणतात १९८४ वगळा, उगाच कशाला. दुसरे म्हणतात हत्येपासूनच सुरुवात करा, मुलं कान टवकारतील. मला दोन्ही पटत नाही, पण मग बोलू काय? शिवाय कमिटीने बॅनर करायला घेतलाय, वैद्यसाहेबांच्या फोटोमागे रणगाडा टाकलाय. छान दिसतोय.

रिसालदार_नि_कोपरखैरणे
हत्येपासून सुरुवात करू नका. मारणाऱ्यांना तेच हवं होतं, की या माणसाची ओळख तेवढीच राहावी.

वगळूही नका. १ ऑगस्ट १९८३ ला ते लष्करप्रमुख झाले. तेव्हा लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ होते, त्यांना डावललं, त्यांनी राजीनामा दिला. यात वैद्यांचा दोष मला दिसत नाही, निवड सरकार करतं. एप्रिल १९८४ मध्ये फौज सियाचीनवर चढली, तीही त्यांच्याच काळात, आणि आजही ती तिथे आहे. या गोष्टीला दोन मिनिटं जास्त द्या, कारण ती सगळे विसरतात. जूनमध्ये ब्लू स्टार, म्हणजे सुवर्णमंदिरात मोर्चे बांधून बसलेल्या सशस्त्र अतिरेक्यांवरची कारवाई. आदेश सरकारचा, प्रमुख वैद्य, वेस्टर्न कमांडला सुंदरजी, आत गेलेल्या डिव्हिजनचे प्रमुख कुलदीपसिंग ब्रार, आणि आतून मोर्चे बांधणारे शाबेगसिंग, तेही आपल्याच फौजेतून बडतर्फ झालेले मेजर जनरल, १९७१ ला बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीला शिकवलेले. एवढी चार नावं घेतलीत तरी ऐकणाऱ्याला कळतं की हे हिंदू विरुद्ध शीख असं सोपं नव्हतं. ब्रारसाहेब स्वतः शीख घराण्यातले.

माझ्या ट्रूपमध्ये सरदार होते. त्यांच्या घरी त्या जूनबद्दल काय बोललं जायचं ते मला माहीत आहे. तरी सकाळी आम्ही एकाच रणगाड्यात बसायचो. तुम्ही टाळ्या घेणारं वाक्य टाकू नका, एवढंच पाळा. "सरकारने सांगितलं, लष्कराने केलं, फार माणसं गेली, जखम राहिली." असं सरळ बोला आणि पुढे जा. कार्यक्रमाच्या आधी त्या दोन घरी जाऊन चहा घेतलात तर अजून बरं.

३१ जानेवारी १९८६ ला निवृत्त झाले, पुण्यात राहायला आले. १० ऑगस्टला, रविवारी, स्वतः गाडी चालवत पत्नीसोबत बाजारातून घरी निघाले होते. कॅन्टोन्मेंट भागात मोटरसायकलवरून गोळ्या झाडल्या. पत्नीही जखमी झाल्या. मी तेव्हा नवा सवार. संध्याकाळी हजेरीला साहेबांनी सांगितलं आणि कुणी काही विचारलं नाही. ब्लू स्टारचा सूड म्हणून मारणाऱ्या सुखा आणि जिंदा या खलिस्तानवाद्यांना ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवड्याला फाशी झाली. पद्मविभूषण मरणोत्तर. हा परिच्छेद तुम्ही एका मिनिटात संपवा.

ऐरोली_सेक्टर_आठ
मुलांना खरंच दाखवायचं असेल तर नगरचं रणगाडा संग्रहालय गाठा. माळशेजवरून सुट्टीच्या दिवशी पहाटे निघालात तर एका दिवसात होतं. शर्मन शेजारी उभा राहिला की कळतं किती उंच आणि किती सहज दिसणारा रणगाडा होता तो. टोपी आणि पाणी न्या, सगळे रणगाडे उघड्यावर आहेत.

पाचपाखाडीकर
चहाची कल्पना आवडली, उद्याच जाते. आणि कमिटीचा तो बॅनर इथे टाकलाय, बघा.

रिसालदार_नि_कोपरखैरणे
ताई, हा टी-९० आहे. रशियन. वैद्यसाहेब गेल्यावर पंधरा वर्षांनी आपल्याकडे आला. छापायच्या आधी थांबवा. १९६५ चा शर्मन नाहीतर १९७१ चा सेंचुरियन टाका, आणि छापायला देण्याआधी परत एकदा इथे चिकटवा.