जुनी मिनीव्हॅन : बॅटरी नवी असूनही सेल्फ लागत नाही, आणि घाटात तापमानाचा काटा चढतो

खाडीकाठ (गणपतीपुळे परिसर)

नमस्कार. आमच्याकडे पुढच्या आसनांखाली इंजिन असलेली, पेट्रोलवर चालणारी २०११ सालची मिनीव्हॅन आहे. घरच्यांची ये-जा आणि हंगामात आंब्याच्या पेट्या, अशा दोन्ही कामांना ती लागते आणि बाकी वेळ अंगणात उघड्यावर उभी असते. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी किल्ली फिरवली की नुसता ‘टक’ असा आवाज होतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि सेल्फ फिरत नाही. थोड्या वेळाने तीच गाडी काही झालेच नाही अशी सुरू होते. बॅटरी नवी घातली, तरीही फरक पडला नाही. शिवाय संध्याकाळी आंबा घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेकडे जातो, सकाळी मात्र तोच घाट चढताना तो मध्यावर राहतो. डावीकडचा सरकता दरवाजाही अर्ध्यावर अडकतो. मेकॅनिकचे म्हणणे असे की अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारे जनित्र) आणि रेडिएटर दोन्ही बदलावेत. एवढा खर्च करण्याआधी घरी काय तपासता येईल?

सड्यावरचा

तुमच्या वर्णनातील सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे संध्याकाळी काटा चढतो आणि सकाळी चढत नाही. संध्याकाळी हेडलाइट लावलेले असतात. इंजिन तापल्यावर, गाडी सपाटीवर उभी असताना हेडलाइट आणि ब्लोअर एकदम सुरू करून पाहा. काटा त्याच क्षणी उडी मारून वर गेला, तर तो पाण्याचे तापमान दाखवत नाही, कारण एका सेकंदात पाणी तापत नाही. अशा वेळी दिव्यांचा प्रवाह परतताना गंजलेल्या सांध्यातून जातो आणि मीटरला मिळणारा व्होल्टेज बिघडतो. सेल्फचे दुखणेही बहुधा तिथलेच आहे.

किनाऱ्यावर अर्थिंगचा, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे प्रवाह परतण्याच्या वाटेचा, त्रास जास्त होतो, याचे कारण साधे आहे. वाऱ्याबरोबर येणारे मीठ सांध्यांवर बसते, हवेतील ओल धरून ठेवते आणि लगपासून (वायरच्या टोकाची धातूची कडी) सुरुवात करत तांब्याच्या तारा आवरणाच्या आतून काळ्या पाडत जाते. वरून वायर धडधाकट दिसते. प्रकाश आणि हॉर्न यांना लागणारा थोडा प्रवाह ती वाहूनही नेते, पण सेल्फ मागतो तेवढा, म्हणजे शंभर अँपिअरच्या आसपासचा किंवा त्याहून जास्त प्रवाह तिला पेलत नाही.

हे मल्टीमीटरने सिद्ध करता येते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावरच, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा व दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा खाली हवा. तो जास्त आल्यास दुसरे टोक क्रमाने क्लॅम्पवर, बॉडीच्या बोल्टवर आणि इंजिन व बॉडी जोडणाऱ्या अर्थ पट्टीच्या दोन्ही बाजूंना लावत जा. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी घेतो, तिथला सांधा खराब आहे. सेल्फ मारताना क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागली, तर अर्थ पट्टी गेली असे धरून चाला, कारण प्रवाह मग त्या केबलमधून वाट काढतो.

दुरुस्ती करताना आधी ऋण टर्मिनल सोडवा, लगखालचा रंग व गंज पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावा. पट्टी आतून काळी असेल, तर नवीच घाला.

गॅरेजकट्टा

वरचे सर्व बरोबर आहे, पण काट्याला दोषी ठरवून गरम इंजिन दुर्लक्षिले जाऊ नये. अल्टरनेटरबाबत भांडण्याची गरज नाही : गाडी सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले आणि हेडलाइट लावल्यावरही १३.५ च्या वर राहिले, तर तो काम करतो आहे. तेवढे न दिसल्यास आधी पट्टा सैल आहे का ते पाहा.

रेडिएटरसाठी एक खूण सांगतो. गर्दीत उभे असताना तापमान वाढून चालत्या गाडीत उतरत असेल, तर पंखा, त्याचा रिले किंवा त्याचा स्विच पाहावा. चढावर किंवा वेगात वाढत असेल, तर रेडिएटर तुंबल्याची किंवा पाणी कमी असल्याची शक्यता जास्त. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरच्या पातळ पंखपट्ट्यांवर बोट फिरवा. किनाऱ्यावरच्या जुन्या रेडिएटरमध्ये त्या चुरून हातात येतात, आणि तसे झाल्यास रेडिएटर बदलावाच लागेल. झाकण इंजिन गरम असताना उघडू नका. तसेच खाडीजवळच्या विहिरीचे मचूळ पाणी त्यात कधीही घालू नये, कारण त्यातील क्लोराइड अ‍ॅल्युमिनियम खाते. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घाला. या रचनेत रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने नळ्या लांब असतात. भरल्यावर आत हवा अडकली, तर तापमान विनाकारण वाढते, म्हणून ती काढून घ्यावी.

खाडीकाठ

आभारी आहे. सेल्फ मारताना इंजिन आणि ऋण खांब यांच्यात १.१ व्होल्ट मिळाले. हेडलाइट लावताच काटाही उडतो. पट्टी बदलून बॉडीकडचा सांधा घासल्यावर आकडा ०.१ वर आला आणि काटाही जागेवर राहिला. पंखपट्ट्या शाबूत आहेत आणि चार्जिंग १४.१ दाखवते. मात्र गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी अजूनही उतरते. हे अर्थिंगचेच आहे का?

सड्यावरचा

नाही, ही वेगळी गळती आहे. सर्व दरवाजे बंद करून, ऋण वायर सोडवून मीटर १० अँपिअरच्या खाचेतून मालिकेत, म्हणजे ऋण खांब आणि सोडवलेली वायर यांच्या मध्ये, जोडा आणि अर्धा तास थांबा. या स्थितीत किल्ली फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालते. समजा २५० दिसले, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण सहा दिवसांत रिकामी होईल, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी हात वर करील. एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल, त्या फ्यूजवरची जोडणी तपासा. तुमचा सरकता दरवाजा अर्ध्यावर अडकतो म्हणता, म्हणून पहिला संशय त्याच्या दिव्याच्या स्विचवर घ्या : दरवाजा पूर्ण दाबला जात नसल्यास आतला दिवा बारीक जळत राहतो. खालच्या रुळातील लाल माती ब्रशने काढून रोलर फिरतात का पाहा, आणि त्यांवर पातळ थरच ग्रीस लावा; जाड थरात जांभ्याची धूळ पुन्हा चिकटते. सर्व फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून मोजा. तेव्हा तो खाली आल्यास आतला डायोड गळतो आहे आणि त्या एका बाबतीत तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे खरे ठरेल.