मदत हवी आहे: गुळाच्या डब्यावरची मुंगी फायडोल की सोलेनॉप्सिस?

मंडळी, रंकाळ्याजवळ राहतो. गुळाच्या डब्याला तांबूस मुंग्यांची रांग लागलीय. बहुतेक जेमतेम 2 मिलिमीटरच्या, पण मध्येच एखादी भलं मोठं डोकं सांभाळत डुलत येते.

कमरेला दोन गाठी आहेत, म्हणजे कॅम्पोनोटस (आपला मुंगळा) बाद, त्याला एकच. पोट बदामाच्या आकाराचं नाही, डिवचलं तरी पाठीवर उलटं घेत नाहीत, त्यामुळे क्रेमॅटोगॅस्टरही नाही.

राहिल्या दोघी. फायडोलच्या मिशीला सहसा 12 पेरं, टोकाची 3 फुगीर. सोलेनॉप्सिसला 10, त्यातली 2 फुगीर. शिवाय फायडोलच्या छातीच्या मागच्या टोकाला दोन काटे असतात, सोलेनॉप्सिसला नसतात. 10 पटीच्या भिंगातून काटे दिसल्यासारखे वाटतात, पण पेरं मोजायला गेलं की एकदा 10 येतात, एकदा 11! मेलेली मुंगी वाळली की मिशा दुमडून बसते.

मिशी सरळ ठेवून मोजायची तुमची पद्धत काय? मोबाइलला लावायची भिंगं पुरतात का? जरा लवकर सांगा, घरच्यांनी डबा पाण्याच्या परातीत ठेवलाय, नमुने संपत आलेत.