बॉक्स बॉडीच्या गाडीत धूळ घुसतेय, हवा आत घ्यायला तोंड कुठं द्यावं?

साक्रीवाला:
मंडळी मदत पाहिजे. चॅसिसवर मागे बॉक्स बांधून डोळे तपासणीची फिरती गाडी केलीय, आत 6 जण असतात. टपावर एक्झॉस्ट फॅन आणि मागच्या दाराला जाळी, अशी हवेची सोय बॉडीवाल्याने करून दिली. धडगावकडे एक फेरी मारली तर मशीनवर बोटभर धूळ, वर डिझेलचा वास. दाराचं रबर 2 वेळा बदललं, फरक नाही. आता जाळीला फिल्टर लावू का?

धुळे_गॅरेज:
रबराचा दोष नाही भो. फॅन हवा बाहेर फेकतो म्हणजे आत ओढ तयार होते, मग प्रत्येक फटीतून धूळ येणारच. त्यात चालत्या गाडीच्या मागं हवा भोवरे घेते, चाकाची धूळ आणि सायलेन्सरचा धूर तिथंच घुटमळतो, आणि नेमकी तिथंच तुमची जाळी. ती आजच बंद करा, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. फॅन उलटा करा, म्हणजे हवा आत ढकलणारा, फिल्टर त्याच्या आधी. आत थोडा दाब राहिला की फटीतून हवा बाहेर जाते, धूळ येत नाही.

साक्रीवाला:
मग तोंड टपावरच ठेवू ना दादा?

धुळे_गॅरेज:
टपावर पुढच्या कडेला लागून नको, तिथं वारा पत्र्यापासून सुटतो आणि उलट ओढ लागते. ड्रायव्हरच्या केबिनवर बॉक्सचा जो उभा पत्रा दिसतो ना, वारा तिथं सरळ आदळतो, तिथं द्या. कारमध्ये पण म्हणूनच काचेच्या पायथ्याशी जाळी असते. माणशी तासाला 30 घनमीटर धरा, 6 जणांचे 180. जाळीतून वेग सेकंदाला दीड मीटरच ठेवायचा म्हटलं तर साधारण 330 चौरस सेंमी मोकळी जागा लागते, जाळीच्या पट्ट्या निम्मी खातात, म्हणून 35 बाय 20 चं भोक पाडा. वेग कमी असला की पावसाचं पाणी पण कमी ओढलं जातं. हवा बाहेर जायला मागच्या बाजूला खाली रबरी झडप, आतल्या तोंडापेक्षा लहान.

भुसावळचा_पोरगा:
पाण्याचं एक राहिलं. जाळीच्या मागं पेटी करून तळाला नळी सोडतात, पण गाडी उभी असताना ब्लोअर पेटीतली हवा ओढतो मग नळीतून पाणी उतरायच्या ऐवजी हवाच वर येते. माझ्याकडे पहिल्याच पावसात फिल्टर भिजून लगदा झाला होता. नळीला बेसिनखाली असतो तसा वाक द्या. आणि मे महिन्यात आपल्याकडे 45 अंशात सगळी बाहेरची हवा घेतली तर एसी रडतो, त्यामुळे आतलीच हवा फिरवायची फ्लॅप पाहिजे, फक्त माणसं बसलेली असताना बाहेरची हवा पूर्ण बंद ठेवू नका, झापड येते.

साक्रीवाला:
दाब आहे का नाही ते कळणार कसं?

धुळे_गॅरेज:
सलाईनची नळी यू आकारात वाकवून रंगीत पाणी भरा, एक टोक आत एक बाहेर. 1 मिमी फरक म्हणजे 10 पास्कल. आतल्या बाजूचं पाणी खाली दबलं पाहिजे. गाडी उभी ठेवून, ब्लोअर चालू करून बघा, चालत्या गाडीत बाहेरच्या टोकाला वारा लागून आकडा खोटा येतो.

साक्रीवाला:
नळ्या तर आमच्याकडे ढीगभर. रविवारी पत्रा कापतो.