मदत हवी आहे: फिजिक्सवरून बायोलॉजीच्या लॅबमध्ये पीएचडी

नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या बहिणीचं एमएस्सी फिजिक्स झालंय आणि यंदा सीएसआयआर नेट परीक्षेत फिजिकल सायन्सेसमधून जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) पण मिळालीय. पण तिला बायोफिजिक्समध्येच पीएचडी करायचीय, प्रोजेक्टला ई कोलाय बॅक्टेरिया कसे पोहतात त्याचे व्हिडिओ काढून फ्रेम बाय फ्रेम पायथॉनमध्ये ट्रॅक करत बसायची तेव्हापासून डोक्यात तेच. आता प्रश्न असा की जेआरएफ फिजिकलची असताना बायोलॉजीच्या गाईडकडे रजिस्ट्रेशनला अडचण येते का? पुण्यात आयसर आणि एनसीएल या दोन्ही संशोधन संस्थांकडे बघतोय, शिवाय टीआयएफआर या संशोधन संस्थेची जेजीईईबिल्स ही बायोलॉजीच्या पीएचडीची प्रवेश परीक्षा फिजिक्सवाल्यांनाही देता येते म्हणून तीही द्यायची म्हणते, त्याला बायोलॉजी कितपत वाचावं लागतं? फेलोशिप पहिली दोन वर्षं 37,000 आणि एसआरएफ (सीनियर फेलो) झाल्यावर 42,000, अधिक एचआरए (घरभाडं भत्ता), हे माहितीय, पण पैसे खरंच दर महिन्याला येतात की चार-चार महिने अडकतात? आई-बाबांना तीच धास्ती (लग्नाचा विषय वेगळाच, तो राहू दे). गाईडला पहिला ईमेल करताना काय लिहावं, आणि लॅबमधल्या सीनियर्सना आधी गाठून गाईड कसाय ते विचारलं तर चालतं ना? कोणी फिजिक्सवरून असं वळलेलं असेल तर प्लीज सांगा, अर्जाच्या तारखा जवळ आल्यात.