गाडीत रिफ्लेक्टर जॅकेट सक्तीचं करावं का?

स्टेपनीवाला:
परवा रात्री अकराच्या पुढे समृद्धीवर सिन्नरजवळ मागचं उजवं चाक बसलं. चारही इंडिकेटर लावले, बायको-मुलीला रेलिंगपलीकडे पाठवलं आणि मी काळा टी-शर्ट घालून, रहदारीकडे पाठ करून पाना फिरवत बसलो. ट्रक गेला की जॅकवरची गाडी हलायची. तिथे कारला 120 ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला 33 मीटर. मुलगी ओरडली, "बाबा, तुम्ही दिसतच नाही!" त्या रात्रीपासून तेच डोक्यात आहे. हेल्मेटसारखी रिफ्लेक्टर जॅकेटचीही सक्ती करावी का? मेहुणा म्हणतो, झालं, पावती फाडायला आणखी एक निमित्त.

श्टुटगार्टकर:
आमच्याकडे जर्मनीत जुलै 2014 पासून गाडीत एक जॅकेट ठेवावंच लागतं. चालवताना कोणी घालत नाही हो, बंद पडल्यावर उतरताना घालायचं. फ्रान्समध्ये 2008 पासून आहे आणि तिथे ते डिकीत ठेवलेलं चालत नाही, सीटवरून हाताला लागलं पाहिजे. डिकीपर्यंत जाणार म्हणजे तसेच रस्त्यावर उतरणार ना! 2018 च्या इंधन करवाढीविरुद्धच्या आंदोलनात तिथले लोक तीच पिवळी जॅकेटं घालून चौकात बसले. गाडीगाडीत होतीच.

टायरवाला, खोपोली:
बंद गाडीच्या मागे रस्त्यावर मांडायचा, कंपनीने दिलेला लाल त्रिकोण बहुतेकांच्या डिकीत स्टेपनीपाशी सापडतो, पिशवीसुद्धा न फोडलेला. ट्रकवाले निदान दगड आणि झाडाची फांदी तरी मांडतात. (निघताना दगड तिथेच सोडतात, तो वेगळा ताप.) जॅकेट घेताना रंगावर जाऊ नका. पोपटी-पिवळा दिवसा उठून दिसतो, रात्री काम करतात त्या चंदेरी पट्ट्या. आलेला उजेड त्या आल्या वाटेने परत पाठवतात. ग्रीस बसलं किंवा धुऊन धुऊन झिजल्या की संपलं. अंधारात दहा-पंधरा पावलांवर टांगा आणि डोळ्यांजवळ टॉर्च धरून बघा. माझ्या जुन्या जॅकेटची पाठीवरची पट्टी मेलेली निघाली, आणि मी ते तीन वर्षं घालत होतो.

दुचाकीस्वार_पुणे:
सक्ती नको. हेल्मेट कोपरात अडकवून फिरणारं शहर आहे हे.

स्टेपनीवाला:
टायरवाले, टॉर्चची युक्ती दुकानातच केली, एक नग परत ठेवायला लावला. तीन घेतली. मुलीचं तिच्या गुडघ्यापर्यंत येतं. दाराच्या खणातून टोलच्या जुन्या पावत्या काढल्या, तिथे माझं बसलं. सक्तीचं म्हणाल तर त्रिकोणासारखं नव्या गाडीबरोबरच द्यावं, पण पिशवी फोडून, ड्रायव्हरच्या दारात.